बुद्धिबळाचं इंजिन आणि एक उतावळी स्क्रिप्ट: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बुद्धिबळाचा वर्ग चालतो. शनिवार-रविवारी आसपासची पोरं येतात, घड्याळ लावून डाव खेळतात आणि चाली कागदावर उतरवतात. सोमवारी वर्गातली एक ताई ते कागद संगणकात पीजीएन फाइलमध्ये, म्हणजे डाव नोंदवायच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, भरते. आठवड्याला साधारण तीस डाव होतात. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि जागेचे तपशील बदललेत. घोळ मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण ते सगळे माझेच आहेत.

मी या वर्गाचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. दिवाळीत सरांना भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “अरे, तीस डाव मी एकटा कधी बघू? तुझं ते इंजिन बसव की रात्रभर कामाला. सकाळी मला कोण कुठं घसरलं तेवढं दिसलं पाहिजे.” मी म्हटलं, “सर, एका रविवारचं काम आहे.” लागले तीन महिने.

इंजिन म्हणजे स्टॉकफिश. २००८ साली ग्लाउरुंग या आधीच्या इंजिनातून हा बुद्धिबळ खेळणारा मुक्त प्रोग्राम निघाला आणि आज तो जगातल्या सगळ्यात ताकदवान इंजिनांत मोडतो. नाव वाळवलेल्या कॉड माशाचं; आपल्या सुक्या बोंबलाचा नॉर्वेतला भाऊबंद म्हणा. त्याला पट नाही, खिडकी नाही, माऊस नाही. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, सुरू केलं की एक ओळ छापतं आणि गप्प बसतं. त्याच्याशी बोलायचं ते लिहून, तेही उत्तर देतं ते लिहूनच. या बोलण्याचे नियम यूसीआय नावाच्या संकेतात ठरलेले आहेत. रुडॉल्फ हूबर आणि श्टेफान मायर-काहलेन यांनी तो २००० साली मांडला.

हे संभाषण जवळून कसं दिसतं ते सांगतो. (आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप करायच्या असतात, इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्यात.) आपण ‘यूसीआय’ लिहायचं. इंजिन नाव-गाव सांगतं, आपल्याकडच्या सेटिंगांची यादी वाचतं आणि शेवटी ‘यूसीआयओके’ म्हणतं. आपण ‘इझरेडी’ विचारायचं, ते ‘रेडीओके’ म्हणतं. मग ‘पोझिशन स्टार्टपॉस मूव्ह्ज ई२ई४ ई७ई५’ अशी पटावरची स्थिती सांगायची आणि ‘गो डेप्थ २०’ म्हणायचं, म्हणजे वीस पायऱ्या खोल बघ. की ओळींचा पाऊस सुरू: ‘इन्फो डेप्थ १’, ‘इन्फो डेप्थ २’ असं करत करत. प्रत्येक ओळीत त्या खोलीवरचे गुण (कोण किती वरचढ आहे त्याचा आकडा) आणि पुढं अपेक्षित असलेल्या चालींची माळ. पाऊस थांबला की एकच ओळ येते: ‘बेस्टमूव्ह जी१एफ३’.

हातानं टाइप करून हे सगळं मला पाच मिनिटांत जमलं, आणि त्यामुळंच पुढं फसलो. हातानं टाइप करणारा माणूस नकळत वाट बघत असतो. ‘बेस्टमूव्ह’ दिसल्याशिवाय त्याचं बोट पुढच्या कळीवर जात नाही. स्क्रिप्टला ही वाट बघणं कुणी शिकवलेलं नसतं.

अडचण

पहिली स्क्रिप्ट शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलच्याच आज्ञांच्या भाषेत होती, सात-आठ ओळींची. पीजीएनमधल्या चाली ‘ई२ई४’ अशा लांब रूपात आणायला पायथन-चेस ही लायब्ररी वापरली. बाकी काम सरळ. प्रत्येक स्थितीसाठी ‘प्रिंटएफ’नं दोन ओळी बनवायच्या, ‘पोझिशन’ आणि ‘गो डेप्थ २०’, त्या पाइपमधून (एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याकडं नेणारी नळी) स्टॉकफिशच्या तोंडात घालायच्या आणि बाहेर पडलेल्या मजकुरातून शेवटचे गुण उचलायचे. चालीआधीचे आणि चालीनंतरचे गुण यांत मोठी तफावत दिसली की ती चाल अहवालात लाल.

पहिल्याच दिवशी आलेख करवतीच्या दातांसारखा आला, कारण यूसीआयमध्ये गुण नेहमी ज्याची चाल आहे त्याच्या बाजूनं असतात. पांढरा जिंकत असेल तर त्याच्या पाळीला अधिक, काळ्याच्या पाळीला तेवढेच उणे. एकाआड एक चिन्ह उलटवलं आणि दात गेले. हा घोळ डोळ्यांना दिसणारा होता, म्हणून तासाभरात सुटला.

खरा घोळ दिसणारा नव्हता. स्क्रिप्ट धडाधड चालत होती, कुठं त्रुटी नाही, तीस डाव दहा मिनिटांत संपले. मला वाटलं, काय वेग आहे! सरांनी अहवाल उघडला आणि बुधवारी रात्री फोन आला.

“अरे, तुझं यंत्र पोरीच्या आयुष्यातल्या सगळ्यात भारी चालीला लाल रंग लावतंय.”

डाव असा होता. पांढऱ्यानं ई४, काळ्यानं ई५. मग घोडा एफ३, प्यादं डी६. उंट सी४, काळ्याचा उंट जी४ वर, म्हणजे पांढऱ्याचा घोडा वजिरासमोर अडकला. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३, काळ्यानं जी६ अशी रिकामी चाल केली. आता या अकरा वर्षांच्या मुलीनं पाचव्या चालीत अडकलेला घोडा उचलून ई५ वरचं प्यादं मारलं आणि वजीर उघडा टाकला. समोरच्यानं अधाशासारखा वजीर घेतला. मग उंटानं एफ७ वर शह, राजा ई७, आणि दुसरा घोडा डी५ वर: मात. ही लेगालची मात. अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूच्या, फिलिदोरच्या गुरूच्या नावानं ओळखली जाते आणि सर ती दर वर्षी जून महिन्यात शिकवतात. काळ्यानं वजीर घेतला नसता तरी पांढऱ्याला निदान एक प्यादं फुकट मिळतंच. म्हणजे चाल धाडसी दिसली तरी बिनधोक आहे. स्टॉकफिशला हे दिसू नये, हे शक्यच नव्हतं.

तीच स्थिती हातानं टाइप केली. इंजिननं क्षणात पाचवी चाल बरोबर ठरवली. स्क्रिप्टमधून दिली, तर तीच चाल घोडचूक. मग स्क्रिप्टला मिळालेला अख्खा मजकूर फाइलमध्ये उतरवून वाचला, आणि घोडं कुठं पेंड खातंय ते दिसलं. ‘इन्फो डेप्थ १’ आणि लगेच ‘बेस्टमूव्ह’. वीस पायऱ्या सांगितल्या होत्या, इंजिन एका पायरीवरून परत आलं होतं. एका पायरीवर वजीर गेलेला दिसतो. त्यापुढची मात दिसत नाही.

कारण असं. ‘प्रिंटएफ’ दोन ओळी लिहून संपतो आणि पाइपचं त्याच्याकडचं टोक बंद होतं. इंजिनला इनपुट संपल्याची खूण मिळते, आणि स्टॉकफिश इनपुट संपणं म्हणजे ‘क्विट’ असंच समजतं. ‘क्विट’ आली की चालू विचार थांबवायचा, हाताशी असेल ते उत्तर द्यायचं आणि निघायचं. इंजिन नियमानं वागलं होतं. मी प्रश्न विचारून त्याच श्वासात दार लावून घेतलं होतं.

झोपेचं औषध

इथं पहिला निर्णय घ्यायचा होता आणि तो मी चुकीचा घेतला. नेटवर शोधलं की जो तोडगा सगळ्यात आधी सापडतो तोच लावला: दोन ओळी लिहून झाल्यावर ‘स्लीप २’ घालायचं, म्हणजे पाइप आणखी दोन सेकंद उघडा राहतो. माझ्या लॅपटॉपवर तेवढ्यात वीस पायऱ्या सहज व्हायच्या. लेगालचा डाव हिरवा झाला, सर खूश, मीही.

वर्गातला संगणक दोन कोअरचा, जुना. तिथं त्याच दोन सेकंदांत बारा-तेरा पायऱ्या व्हायच्या. रात्री त्याच वेळी बॅकअप चालू असेल तर आणखी कमी. त्यामुळं एकाच डावाचा सोमवारचा अहवाल आणि गुरुवारचा अहवाल जुळेना. वर, सोप्या स्थितीत उत्तर पाव सेकंदात तयार असलं तरी स्क्रिप्ट दोन सेकंद डोळे मिटून बसायची. तीस डाव, प्रत्येकी ऐंशीच्या आसपास स्थिती, म्हणजे चोवीसशे वेळा इंजिन नव्यानं सुरू, चोवीसशे वेळा त्याचं न्यूरल जाळं मेमरीत चढवायचं, आणि ऐंशी मिनिटं नुसती झोप. एका स्थितीत केलेला विचार पुढच्या स्थितीला उपयोगी पडतो, पण इंजिन दर वेळी मेल्यामुळं तोही वाया.

झोपेची वेळ वाढवून यातलं काहीच सुटत नाही. दोनाची पाच सेकंदं केली असती तर चुका विरळ झाल्या असत्या, म्हणजे सापडायला आणखी अवघड. एवढं कळायला मला तीन आठवडे लागले.

कोणते पर्याय होते

सगळ्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ती इंजिनला देणं हा पहिला. यात फाइल संपली की पुन्हा तेच ‘क्विट’. शिवाय पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावर अवलंबून असेल तर फाइल उपयोगाची नाही.

दुसरा एक्स्पेक्ट. डॉन लिब्स यांनी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेत १९९० च्या सुमारास टीसीएल भाषेवर उभं केलेलं हे अवजार नेमकं अशा कामासाठीच आहे: अमुक मजकूर दिसेपर्यंत थांब, मग तमुक लिही. पायथनमध्ये त्याच धर्तीवर पीएक्स्पेक्ट आहे. ही अवजारं प्रोग्रामला साध्या पाइपऐवजी खोटं टर्मिनल देतात आणि काही ठिकाणी त्याला पर्याय नसतो. दूरच्या संगणकात शिरायचं अवजार एसएसएच पासवर्ड विचारतं तेव्हा स्टँडर्ड इनपुट सोडून थेट टर्मिनलकडून वाचतं. पाइपमधून कितीही पासवर्ड ओता, त्याला ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट बफरची, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायच्या जागेची. सी भाषेतले बरेच प्रोग्राम समोर टर्मिनल असेल तर ओळ संपताच ती बाहेर सोडतात, पण समोर पाइप दिसला की चार-चार किलोबाइट साठवून मगच सोडतात. अशा प्रोग्रामला खोटं टर्मिनल देता येतं, किंवा ‘एसटीडीबफ’नं त्याची सवय बदलता येते, तो प्रोग्राम स्टॅटिक जोडणीचा (लागणाऱ्या लायब्ऱ्या स्वतःच्या पोटातच घेतलेला) असेल तर मात्र ‘एसटीडीबफ’ चालत नाही.

स्टॉकफिश पासवर्ड विचारत नाही आणि प्रत्येक ओळ लगेच बाहेर ढकलतं. खोट्या टर्मिनलची गरज नव्हती, आणि त्याचा त्रास होता: टर्मिनल आपण लिहिलेली आज्ञा प्रतिध्वनीसारखी परत पाठवतं, ओळींच्या शेवटी जादा अक्षर चिकटवतं. म्हणून एक्स्पेक्ट बाजूला ठेवलं. हा निर्णय मला अजूनही बरोबर वाटतो.

तिसरा पर्याय पायथनच्या सबप्रोसेस या, दुसरे प्रोग्राम चालवायच्या सोयीनं इंजिन एकदाच सुरू करायचं, दोन्ही पाइप उघडे ठेवायचे आणि स्वतः संभाषण लिहायचं. मी हा घेतला.

चौथा पर्याय माझ्या नाकासमोर होता. चाली वाचायला जी पायथन-चेस बसवली होती, तिच्यातच इंजिनशी बोलायचा अख्खा विभाग आहे. मी तिच्या कागदपत्रांच्या पहिल्या पानापुढं गेलोच नव्हतो.

काय केलं, आणि काय अडलं

नवी स्क्रिप्ट सुरू केली आणि ती पहिल्याच ओळीला गोठली. ‘यूसीआय’ लिहिलं, ‘रीडलाइन’नं उत्तर वाचायला घेतलं, आणि शांतता. दोन्ही प्रक्रिया जिवंत, प्रोसेसरचा वापर शून्य. प्रोग्राम आत्ता कशात अडकलाय ते दाखवणारं ‘एसट्रेस’ लावून पाहिलं तर स्क्रिप्ट ‘रीड’मध्ये अडकलेली आणि इंजिनही ‘रीड’मध्ये. दोघंही कान देऊन बसलेले, बोलत कुणीच नव्हतं. माझी ‘यूसीआय’ ही आज्ञा पायथनच्याच बफरात पडून होती. पाइपच्या पलीकडच्या प्रोग्रामच्या बफराबद्दल मी एवढं वाचलं, आणि अलीकडच्या माझ्याच बफराचा विचार केला नाही. प्रत्येक ओळीनंतर ‘फ्लश’ (बफरातलं लगेच बाहेर ढकल) घातलं आणि गाडी सुटली.

दुसरी गोठण जास्त शिकवणारी होती. सुरुवातीच्या मांडणीत मी सगळ्या स्थिती एकामागून एक पाठवत होतो, शेवटच्या स्थितीनंतर पुरेसा विराम घेऊन ‘क्विट’, मग इंजिन संपेपर्यंत ‘वेट’, आणि त्यानंतर एकदम सगळा मजकूर वाचणं. आधी बोलून घेऊ, मग ऐकू. चाचणीला अर्थातच लेगालचा डाव घेतला. सात चालींचा, म्हणजे दोघांच्या मिळून तेरा खेळ्या. एकदम नीट चालला. मग पन्नास चालींचा डाव दिला आणि स्क्रिप्ट उभीच. तासाभरानंही उभीच.

पुन्हा ‘एसट्रेस’. या वेळी चित्र वेगळं: स्क्रिप्ट इंजिनच्या मरणाची वाट बघतेय, आणि इंजिन ‘राइट’मध्ये अडकलंय. लिनक्सवर पाइपची क्षमता मूळ सेटिंगला ६५,५३६ बाइट, म्हणजे ६४ किलोबाइट. पाण्याच्या पाइपासारखंच आहे. पलीकडची तोटी कुणी उघडली नाही तर भरतो आणि ओतणाऱ्याला थांबावं लागतं. माझ्या सेटिंगवर एका स्थितीमागे तीनेक किलोबाइट ‘इन्फो’ ओळी पडत होत्या. लेगालच्या डावाचे झाले चाळीसच्या आसपास, ते मावले. मोठ्या डावात विसाव्या स्थितीच्या पुढंमागं पाइप तुडुंब भरला, इंजिन लिहिता लिहिता थांबलं, आणि मी ते संपल्याशिवाय वाचणार नव्हतो. पायथनच्या कागदपत्रांत ‘वेट’च्या खाली नेमका हाच इशारा दिलेला आहे. तिथला सल्ला ‘कम्युनिकेट’ वापरा असा. एकदाच विचारून एकदाच ऐकायचं असेल तर तो उत्तम आहे, पण तो इनपुट बंद करून शेवटपर्यंत वाचतो. आपलं संभाषण लांबायचं असेल तर वाचत-वाचतच लिहावं लागतं.

माझी चाचणी छोट्या डावावर होती म्हणून चूक लपली. ज्या डावानं पहिला घोळ उघड केला, त्यानंच दुसरा झाकला. तेव्हापासून चाचणीसाठी मुद्दाम शंभर चालींचा, हत्ती-प्याद्यांचा रटाळ शेवट असलेला डाव ठेवलाय.

मग रचना बदलली. आज्ञा द्यायची, आणि तिचं ठरलेलं उत्तर येईपर्यंत वाचत राहायचं: ‘यूसीआय’ला ‘यूसीआयओके’, ‘इझरेडी’ला ‘रेडीओके’, ‘गो’ला ‘बेस्टमूव्ह’. झोप नाही, अंदाज नाही. सोपी स्थिती पाव सेकंदात, अवघड चार सेकंदांत. इथपर्यंत आलो तेव्हा वाटलं, संपलं.

वरातीमागून घोडं

काही शेवटांमध्ये वीस पायऱ्या गाठायला जुन्या संगणकाला मिनिटभर लागायचा. म्हणून वेळेची मर्यादा घातली. ‘रीडलाइन’ला स्वतःची अशी मर्यादा नसते, ओळ येईपर्यंत ती बसते. तेव्हा वाचण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे स्क्रिप्टच्याच आत समांतर चालणाऱ्या धाग्यावर टाकलं. तो ओळी रांगेत लावतो आणि मुख्य स्क्रिप्ट त्या रांगेतून उचलते, वीस सेकंदांत ‘बेस्टमूव्ह’ आलं नाही तर पुढं सरकते. मर्यादा ओलांडली की ‘स्टॉप’ पाठवायचं आणि पुढच्या स्थितीला हात घालायचा.

दोन आठवडे सगळं छान. मग एका मुलानं अहवाल सरांपुढं धरला. “सर, यात पांढऱ्याला काळा हत्ती हलवायला सांगितलंय.”

त्या डावात तेहतिसाव्या चालीपासून पुढची प्रत्येक सूचना समोरच्याच्या मोहऱ्याची होती. झालं होतं असं: ‘स्टॉप’ मिळाल्यावर इंजिन त्या स्थितीचं उत्तर देतंच. पण मी ‘स्टॉप’ लिहून ते उत्तर न वाचताच पुढची ‘पोझिशन’ आणि ‘गो’ पाठवली, आणि ‘बेस्टमूव्ह’ची वाट बघू लागलो. पहिली जी आली ती मागच्या स्थितीची होती. मी ती या स्थितीची समजलो. या स्थितीची आली ती पुढच्या स्थितीला लावली. एक उत्तर मागं राहिलं आणि डाव संपेपर्यंत सगळी एक घर सरकली. या घोळातही कुठं त्रुटी नाही, गोठण नाही; अहवाल वेळेवर तयार. मुलाला दिसलं ते केवळ रंग चुकला म्हणून. दर वेळी दोन-दोन घरं सरकली असती तर पांढऱ्याला पांढरंच मोहरं मिळालं असतं आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं. हा विचार करून मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्नही फसला. म्हटलं, ‘स्टॉप’नंतर ‘इझरेडी’ विचारू, ‘रेडीओके’ आलं की आधीचं सगळं निपटलं असं समजू. पण संकेतात स्पष्ट लिहिलंय की इंजिन विचारात गुंतलेलं असतानाही ‘इझरेडी’ला लगेच उत्तर द्यायचं असतं. म्हणजे ‘रेडीओके’ हे ‘बेस्टमूव्ह’च्या आधीच येऊ शकतं, आणि माझ्याकडं तसं आलंही. तो शब्द ‘मी जागा आहे’ एवढंच सांगतो. ‘माझं काम झालं’ असं त्यानं कधी म्हटलंच नव्हतं.

खरी कुंपणाची खूण ‘बेस्टमूव्ह’ हीच. एका ‘गो’ला एक ‘बेस्टमूव्ह’, ‘स्टॉप’ म्हटलं तरी, कमीही नाही आणि जास्तही नाही. म्हणून नियम केला: दिलेल्या ‘गो’ मोजायच्या, आलेल्या ‘बेस्टमूव्ह’ मोजायच्या, हिशेब जुळल्याशिवाय पुढची स्थिती नाही. ‘स्टॉप’नंतर पाच सेकंदांतही उत्तर आलं नाही तर ते इंजिन मारून नवं सुरू करायचं, कारण पाइपमध्ये मागं काय उरलंय याची खात्री देता येत नाही. आणि आलेली चाल त्या स्थितीत नियमानुसार करता येते का, हे पायथन-चेसकडून तपासून घ्यायचं. हा शेवटचा तपास एका ओळीचा आहे. तो पहिल्या दिवसापासून असता तर तेहतिसाव्या चालीलाच स्क्रिप्ट आरडाओरडा करून थांबली असती.

याच तपासामुळं आणखी एक बारकी गोष्ट सापडली. मात झालेल्या स्थितीत इंजिन ‘बेस्टमूव्ह’पुढं कंसात ‘नन’ लिहितं, कारण करायला चालच नसते. ते चाल म्हणून वाचायला गेलं की स्क्रिप्ट कोसळते.

वेळेच्या मर्यादेचाही पुन्हा विचार केला. घड्याळ स्क्रिप्टनं सांभाळायचं की इंजिननं? ‘गो मूव्हटाइम’ दिलं तर इंजिन स्वतः वेळ पाळतं, पण मग वेगवान संगणकाचा अहवाल आणि जुन्या संगणकाचा अहवाल पुन्हा वेगळे. शेवटी ‘गो नोड्स’ घेतलं: अमुक इतक्या स्थिती तपास आणि थांब. आकडा दहा लाख. थ्रेड एकच, हॅशचा (आधी पाहिलेल्या स्थिती लक्षात ठेवायच्या मेमरीचा) आकार ठरलेला, प्रत्येक डावाआधी ‘यूसीआयन्यूगेम’, म्हणजे आधीचं विसर, नवा डाव. असं केलं की इंजिनची आवृत्ती तीच असेल तर पुण्यातला लॅपटॉप आणि गावातला संगणक अक्षरशः तेच उत्तर देतात. एकापेक्षा जास्त थ्रेड दिले की हे जमत नाही. दोन थ्रेडांत कोण आधी कुठं पोहोचेल हे दर वेळी बदलतं. दोन कोअर वाया जाऊ नयेत म्हणून दोन स्वतंत्र इंजिनं चालवली, अर्धे डाव एकाकडं, अर्धे दुसऱ्याकडं.

परिणाम

क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीवर) लावल्यावर पहिल्या रात्री काहीच झालं नाही. उबुंटू या लिनक्सच्या पॅकेजमधून आलेलं स्टॉकफिश ‘यूएसआर’मधल्या ‘गेम्स’ फोल्डरात बसतं, आणि क्रॉनच्या आखूड पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) तो फोल्डर नसतो. पूर्ण पत्ता लिहिला, झालं.

आता तीस डाव साधारण पाऊण तासात होतात. म्हणजे पहिल्या, चुकीच्या स्क्रिप्टपेक्षा चौपटीहून जास्त वेळ. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “रात्री कुणाला घाई आहे?” अहवालात प्रत्येक चालीपुढं किती पायऱ्या खोल पाहिलं तो आकडा येतो. ही सूचना सरांचीच: “मला नुसता निकाल नको, यंत्रानं किती विचार केला तेही दाखव.” पहिल्या दिवशी हा एक रकाना असता तर ‘खोली १’ बघून त्यांनी तेव्हाच विचारलं असतं.

त्यांनी पोरांसाठी आणखी एक नियम लावला, त्याचा स्क्रिप्टशी संबंध नाही. अहवाल हातात मिळण्याआधी मुलानं आपल्या डावातल्या तीन संशयित चाली कागदावर लिहून द्यायच्या.

आज पुन्हा करायचं तर

संभाषणाचा भाग स्वतः लिहिणार नाही. पायथन-चेसच्या इंजिन विभागात फ्लश, ‘स्टॉप’नंतरचं उत्तर, वेळेची मर्यादा हे सगळं आधीच नीट केलेलं आहे. गुणांचं तर विशेष: तिथं गुण वाचताना कोणाच्या बाजूचे हवेत हे सांगावंच लागतं, त्यामुळं करवतीचे दात मुळात उगवत नाहीत. मी जे तीन महिन्यांत केलं ते तिथं वीसेक ओळींत होतं.

हेच काम एखाद्या अशा प्रोग्रामबरोबर असतं, ज्याला तयार लायब्ररी नाही आणि लिखित संकेतही नाही, तर स्वतःच लिहावं लागलं असतं. तेव्हा सगळ्यात आधी दोन्ही दिशांची प्रत्येक ओळ वेळेसकट फाइलमध्ये उतरवायची सोय करेन. माझे चारही मोठे घोळ अशा नोंदीत दहा मिनिटांत दिसले असते. मी ती सोय चौथ्या घोळानंतर केली. मग पहिला प्रश्न असेल की हा प्रोग्राम ‘माझं उत्तर संपलं’ हे नेमकं कशानं सांगतो. काहींकडं असा शब्दच नसतो, नुसती खूणचिठ्ठी (प्रॉम्प्ट) छापून पुढच्या आज्ञेची वाट बघतात; तिथं ती खूणचिठ्ठी उत्तराच्या मजकुरातही येऊ शकते का, हे तपासावं लागतं.

एक गोष्ट अजून राहिली होती, ती गेल्या महिन्यात कळली. इंजिन मध्येच मेलं तर ‘रीडलाइन’ त्रुटी देत नाही, एकही अक्षर नसलेला रिकामा मजकूर देते, आणि देतच राहते. माझा वाचणारा थ्रेड तो रिकामा मजकूर रांगेत लावत बसला आणि सकाळी ताईला संगणकाचा पंखा घरघरताना ऐकू आला. आता असा रिकामा मजकूर आला की स्क्रिप्ट थांबते आणि त्या डावापुढं ‘अपूर्ण’ असं लिहिते. सरांनी तो डाव हातानं तपासला.